धंद्याला मदत हवी आहे, पण नेमकी कुणाची?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. आसपासच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून केलेले भाग, येतात, ती आम्ही मशीनवर चढवून मापात आणून देतो. नवा धंदा सुरू केलेली किंवा दोन-तीन वर्षं रेटून दमलेली पोरंपोरी अधूनमधून भेटायला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. "दादा, कुठला कोर्स करू? कुणाकडनं मार्गदर्शन घेऊ?" मी विचारतो, "अडलंय कुठं नेमकं?" यावर जरा वेळ शांतता पसरते. मग उत्तर येतं, "धंदा चालतोय हो, पण पैसे उरत नाहीत."

उत्तर खरं असतं, पण अर्धवट असतं. आणि या अर्धवट उत्तरावरच माणूस कोर्स लावतो, सल्लागार नेमतो, कर्ज काढतो.

फौंड्रीशी संबंध आलेल्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. कास्टिंग मशीनवर चढवलं, पहिला कट घेतला आणि आत भोक निघालं की जॉब रिजेक्ट. पण भोका-भोकात फरक असतो. आतली कड गुळगुळीत, गोलसर असेल तर ते ब्लो होल. म्हणजे वायू आत कोंडला. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त होता, किंवा कोअरमधून, म्हणजे पोकळी ठेवायला साच्यात बसवलेल्या गाभ्यातून, वायूला बाहेर पडायला वाट नव्हती. कड खरबरीत, वेडीवाकडी असेल तर ते श्रिंकेज. म्हणजे धातू थिजताना आकसला आणि त्या जागी भर घालायला रायझरमधून, म्हणजे साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यातून, पुरेसा रस आला नाही. वाळू कितीही सुधारली तरी श्रिंकेज जात नाही, आणि रायझर कितीही मोठा केला तरी ब्लो होल जात नाही. म्हणून जाणता माणूस आधी जॉब कापून भोकात बोट फिरवतो, आणि मगच वाळूला हात लावतो.

"पैसे उरत नाहीत" हे असंच एक भोक आहे. दर चुकीचा लावला असेल, म्हणजे हिशेबाचं ज्ञान कमी पडलं. दर बरोबर पण बिलं चार-चार महिने अडकली असतील, तर दुखणं वसुलीचं. मशीन अर्धा दिवस बसून असेल, तर गिऱ्हाईक कमी. काम भरपूर पण शंभरातले दहा जॉब परत येत असतील, तर तांत्रिक चूक. आणि यातलं काहीच नसेल, तर धंद्याच्या गल्ल्यातून घरखर्च किती निघतो ते लिहून काढायला हवं. पाच कारणं, आणि प्रत्येकाला मदत करणारा माणूस वेगळा.

मदत करणाऱ्यांचे प्रकार आता सुटे करून सांगतो, कारण बाजारात सगळ्यांना सरसकट "बिझनेस कोच" म्हणायची पद्धत पडली आहे.

प्रशिक्षक शिकवतो. विषय ठरलेला, वर्गात वीस-तीस जण. जीएसटीचं रिटर्न, ड्रॉइंग वाचणं, निर्यातीची कागदपत्रं, एक्सेल. जे माहीत नव्हतं ते माहीत होतं. तुमच्या शॉपमध्ये काय बिघडलंय हे त्याला दिसत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

सल्लागार फी घेऊन एक ठरावीक काम करून देतो. प्रोजेक्ट रिपोर्ट, मशीनची मांडणी, आयएसओ या दर्जाच्या प्रमाणपत्राची तयारी. कामाला सुरुवात असते आणि शेवटही असतो. शेवट ठरलेला नसेल तर तो सल्लागार नव्हे, महिन्याचा खर्च आहे.

तिसरा मेंटॉर. या शब्दानं उगाच दडपण येतं, पण आपल्या गावाला हे नातं नवं नाही. तालमीतला वस्ताद आठवा. तुमच्या बदल्यात तो आखाड्यात उतरत नाही. कडेला बसून तुमचा पाय कुठं पडतो, दम कुठं सुटतो हे पाहत राहतो आणि नेमक्या वेळी एक शब्द बोलतो. तुमच्या धंद्यात वीस-तीस वर्षं घातलेला, तुमच्याकडून काही विकत घ्यायची किंवा तुम्हाला काही विकायची गरज नसलेला माणूस म्हणजे मेंटॉर. वर्गात तो सापडणं अवघड.

चौथी मदत बरोबरीच्यांची. तुमच्यासारखाच हप्ता, तसेच कामगार, तसेच गिऱ्हाईक असलेले दुसरे मालक. पाचवी मदत पैशाची, म्हणजे बँक आणि सरकारी योजना. लोक सगळ्यात आधी हिच्यामागं धावतात. माझ्या मते ही शेवटी यावी.

मीही उलट्या क्रमानं गेलो होतो. दुसरं मशीन घेतल्यावर वर्षभर ओढाताण चालली. मी एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांचा कार्यक्रम केला. फी चाळीस हजार. मोठी स्वप्नं पाहा, गिऱ्हाईक वाढवा, भीती सोडा, असं बरंच ऐकलं आणि भारावून परत आलो. खरोखरच गिऱ्हाईक वाढवलं. सहा महिन्यांत ओढाताण दुप्पट झाली. कामगारांचा पगार दोनदा उशिरा झाला, आणि त्या दिवसांत घरी नीट झोप लागली नाही.

मग एका निवृत्त वर्क्स मॅनेजरांची गाठ पडली. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. ते शॉपमध्ये आले, चहा घेतला, मशीनपाशी उभे राहिले आणि विचारलं, "तासाला काय लावतोस?"

"साडेचारशे, तात्या."

"कुठनं काढलास ह्यो आकडा?"

"शेजारी लावतोय तेवढाच."

"आणि मशीन महिन्यात किती तास चालतंय?"

मी म्हणालो, सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे दोनशे आठ. तात्यांनी काहीच वाद घातला नाही. दोऱ्यानं एक वही मशीनला बांधली आणि ऑपरेटरला सांगितलं, "स्पिंडल सुरू झालं की वेळ लिही, थांबलं की लिही. का थांबलं तेबी लिही." महिनाभर तेवढंच.

महिन्यानं वही उघडली. प्रत्यक्ष कटिंग झालेले तास भरले १४०. बाकीचे सेटिंगमध्ये म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवण्यात, लाईट जाण्यात, इन्सर्टची म्हणजे कापणाऱ्या पात्याची वाट बघण्यात, फौंड्रीकडून कास्टिंग न येण्यात गेले होते. मग खर्च मांडला. मशीनचा हप्ता ३२,०००, ऑपरेटर २०,०००, हेल्परचा वाटा ६,०००, वीज १२,०००, टूल आणि इन्सर्ट ८,०००, ऑइल-कूलंट-दुरुस्ती ४,०००, जागेच्या भाड्याचा वाटा ८,०००. एकूण ९०,०००. याला २०८ नं भागलं तर तासाला ४३३ रुपये पडतात, आणि साडेचारशे दर परवडतो असं वाटतं. १४० नं भागलं तर ६४३. म्हणजे मशीन चालू असताना दर तासाला मी १९३ रुपये पदरचे घालत होतो. महिन्याची आवक ६३,०००, खर्च ९०,०००. सत्तावीस हजारांचा खड्डा, तोही माझा स्वतःचा पगार न धरता. अशा अवस्थेत गिऱ्हाईक वाढवण्यासाठी मी मशीन जास्त तास पळवण्याऐवजी जास्त सेटिंगची, छोट्या लॉटची कामं घेत सुटलो होतो. खड्डा वाढणारच.

त्या हॉटेलातल्या कार्यक्रमात शिकवलेलं खोटं नव्हतं. ज्याचा दर बरोबर आहे आणि जो केवळ घाबरून थांबलाय, त्याला ते औषध लागू पडलं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. मला हिशेब शिकवणारा आणि शेजारी उभं राहून बघणारा माणूस हवा होता. दर एकदम वाढवता आला नाही, पण सेटिंगचे वेगळे पैसे मागायला लागलो, लहान लॉट नाकारले, जॉब धरून ठेवणारे फिक्स्चर सुधारले. तास १४० वरून वर सरकले, तसा श्वास मोकळा झाला.

आता कोल्हापुरात हे सगळं कुठं मिळतं ते सांगतो.

एकदम नवखे असाल तर दोन दारं आधी ठोठवा. जिल्हा उद्योग केंद्र हे पहिलं. ही केंद्रं देशात १९७८ पासून आहेत आणि उद्योगाच्या सरकारी योजनांचा जिल्ह्यातला मोठा भाग तिथूनच हलतो. दुसरं, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. प्रत्येक जिल्ह्यात एखादी बँक अशी संस्था चालवते. ही कल्पना १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथं सुरू झाली. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे कोर्स संपल्यावर दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा. गावाकडच्या बायकांना, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, दुरुस्तीची कामं करणाऱ्यांना याची माहितीच नसते. याशिवाय १९८८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र राज्यभर उद्योजकता प्रशिक्षणाचे कार्यक्रम घेतं.

आधीच धंद्यात असाल तर बरोबरीच्यांकडं जा. याबाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीच्या कारखानदारांची संघटना स्मॅक, तशीच गोकुळ शिरगावची गोशिमा, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतली मॅक, व्यापाऱ्यांसाठी चेंबर ऑफ कॉमर्स, फौंड्रीवाल्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर. लोक वर्गणी भरतात आणि वार्षिक सभेच्या जेवणाला फक्त जातात. तांत्रिक व्याख्यानाला जा, आणि व्याख्यानापेक्षा नंतरच्या चहाला थांबा. इन्सर्ट कुठला टिकतो, कुठली कंपनी बिल वेळेवर काढते, कुठला ऑपरेटर काम सोडतोय, ही माहिती कुठल्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही. आम्ही पाच शॉपवाले महिन्यातून एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, आळीपाळीनं एकमेकांच्या शॉपमध्ये बसतो. नियम एकच, ज्याच्याकडं बसलोय त्यानं आपला खरा आकडा सांगायचा. पहिल्यांदा जीभ अडखळते. तिसऱ्या वेळेपासून सगळेच मोकळं बोलतात.

एक धोका मात्र आहे. आपल्याच धंद्यातल्या माणसासमोर दर उघडा करायचा म्हणजे भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून आमच्या पाचांत थेट स्पर्धक नाहीत. एक गिअर करतो, एक पंपाचे भाग, एक पॅटर्न शॉपवाला. सॅटर्डे क्लबसारख्या मराठी उद्योजकांच्या संस्थांत वेगवेगळ्या धंद्यांची माणसं भेटतात. तिथं संपर्क आणि काम मिळू शकतं. फक्त संपर्क वाढणं म्हणजे कसब वाढणं, असं समजू नका.

वसुलीच्या दुखण्याला कोर्सची गरज नाही, कायदा माहीत असणं पुरेसं आहे. तरी बहुतेकांना तो माहीत नसतो म्हणून जरा थांबून सांगतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेट या व्याजदराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. दाद मागायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे आणि त्यामागं अशा तक्रारींचा निवाडा करणारी सुविधा परिषद. शिवाय आयकर कायद्यात एक तरतूद आली (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), त्यामुळं मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. मोठ्या कंपन्यांचे अकाउंट विभाग हल्ली उद्यम प्रमाणपत्र मागतात त्याचं हे एक कारण.

या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद, लागते, आणि तीही माल देण्याआधी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आहे आणि संपूर्ण फुकट आहे. तिच्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही नोंदणी मिळते, पण उशिराच्या पैशांचं हे संरक्षण त्यांना मिळत नाही.

गिऱ्हाइकावर तक्रार केली तर तो पुढचं काम देईल का? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. प्रामाणिक उत्तर असं की एकट्यानं लढणं जड जातं. म्हणूनच असोसिएशन लागते. दुसरा मार्ग ट्रेड्स या ऑनलाइन बिल-बाजाराचा. तुमचं बिल मोठ्या कंपनीनं ऑनलाइन मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे तुम्हाला काही दिवसांत मिळतात. मुदत संपल्यावर बँकेला पैसे द्यायची जबाबदारी कंपनीची. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची केली आहे. भांडण न करता पैसे मोकळे होतात, म्हणून मला हा मार्ग जास्त आवडतो.

पैशाच्या मदतीबद्दल दोन गैरसमज आधी काढायला हवेत. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या केंद्राच्या योजनेत उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरतात, आणि प्रवर्ग व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. ते अनुदान तुमच्या हातात पडत नाही. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि धंदा चालू असल्याची खात्री झाली की कर्जात वळतं होतं. आलेल्या अनुदानातून भांडवल उभं करीन असा हिशेब मांडणारे म्हणूनच फसतात. दुसरा गैरसमज विनातारण कर्जाचा. लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या ट्रस्टची हमी बँकेला असते, तुम्हाला नसते. घर गहाण ठेवावं लागत नाही हे खरं, पण कर्ज पूर्ण फेडायचंच असतं. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा, मुद्रा, असे आणखी मार्ग आहेत. चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत विचारूनच पुढं जा, कारण मर्यादा बदलत राहतात.

मशीन शॉपबाहेरचं उदाहरण घ्यायचं तर गुळाचं घ्या. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. शेतकऱ्याकडं ऊस होता, गुऱ्हाळ होतं, गूळ करायचं कसब होतं. नव्हती ती हक्काची बाजारपेठ, आणि महाराजांनी नेमकी तीच दिली. गुऱ्हाळवाल्याला गूळ करायला शिकवत बसले नाहीत. आज त्याच गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत कोल्हापूरचं उत्पादन म्हणून गूळच धरला आहे. ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. या योजनेत अर्ज भरायला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीचं मानधन सरकार देतं. हे माहीत असेल तर मधल्या एजंटाला टक्का द्यावा लागत नाही.

चपलेचंही तसंच. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि देशभर चर्चा झाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. सुभाषनगरात चप्पल शिवणाऱ्या कारागिराला चप्पल शिवायचा कोर्स देऊन काय उपयोग? मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कशी करायची, मापांचा तक्ता परदेशी गिऱ्हाइकाला कसा द्यायचा, पावसाळ्यात चामड्याला बुरशी न लागता माल कसा पाठवायचा, हे सांगणारा माणूस त्याला हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकारही आहेत. प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. मला यातली अवजारांची मदत सगळ्यात कामाची वाटते.

सल्लागार निवडताना मी आता काय बघतो? त्यानं ज्यांच्याकडं काम केलंय अशा तिघांची नावं मागतो आणि त्यांच्या शॉपमध्ये स्वतः जातो. फोनवर सगळे चांगलंच बोलतात. शॉपमध्ये गेलं की कळतं, भिंतीवर प्रमाणपत्र आहे पण रॅकवर जॉब अजून तसेच मिसळून पडलेत. अनुदानाचा टक्का आगाऊ मागणारा, कर्ज नक्की पास होईल म्हणणारा, आजच फी भरली तर सवलत म्हणणारा, यांना नमस्कार करून परत पाठवतो. आयएसओ किंवा झेड या सरकारी दर्जा-प्रमाणपत्रासारखं काम करायचं असेल तर सरकारचा वाटा किती आहे हे आधी तपासतो. झेड प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट आहे, आणि महिलेच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण माफी. माझ्या ओळखीतल्या तीन बायका आपापले उद्योग चालवतात, तिघींनाही हे ठाऊक नव्हतं.

आणि तात्यांसारखा माणूस कसा मिळवायचा? "माझे मेंटॉर व्हाल का?" असं विचारू नका, समोरचा बिचकतो. एक छोटा, नेमका प्रश्न घेऊन जा. तासाचे आकडे, रिजेक्ट झालेला जॉब, नाकारलेलं कोटेशन, काहीतरी हातात असू दे. सांगितलेलं करून पंधरा दिवसांनी परत जा आणि काय झालं ते सांगा, फसलं असेल तरी सांगा. निवृत्त माणसाला पैशापेक्षा, आपलं ऐकलं गेलं याचं समाधान जास्त असतं. तात्या अजून गुरुवारी सकाळी येतात. आले की आधी चहा घेत नाहीत, मशीनला बांधलेली वही उघडतात.